गाडी साडेअकराच देते, दोष कुणाचा?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, ऑफिस कल्याणीनगरला. येऊन-जाऊन रोज २८ किलोमीटर. गाडी २०१८ ची, पेट्रोल, १२०० सीसी, गिअरची. घेतली तेव्हा कंपनीच्या कागदावर २१ च्या वर अ‍ॅव्हरेज लिहिलं होतं. माझ्या हातात ती साडेअकरा देते. तीच गाडी नवरा साताऱ्याला नेतो तेव्हा १८ देते, आणि मग आठवडाभर मला ऐकावं लागतं की तुला गाडी चालवता येत नाही. सासरे म्हणतात, उतारावर न्यूट्रल करत जा. गॅरेजवाला म्हणतो, इंजिनचं डीकार्बनायझिंग करून घ्या. ऑफिसमधला एक जण म्हणतो, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाका. सोसायटीच्या ग्रुपवर रोज येतं की हे सगळं इथेनॉलमुळे होतंय. कुणाचं ऐकू? आणि खरंच माझ्या चालवण्यात दोष आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दोष आहे, पण थोडा. तुमचे मिस्टर म्हणतात त्याच्या पाव हिस्सासुद्धा नसेल. त्यांच्यापुढे ठेवायला एक हिशेब देतो. तो ढोबळ आहे, पण दिशा चुकणार नाही.

१८ च्या हिशेबाने १४ किलोमीटरला पेट्रोल लागतं साधारण ७८० मिलिलिटर. आता तुमचा रस्ता घ्या : नळस्टॉप, डेक्कन, संचेती, बंडगार्डन. सकाळच्या गर्दीत या वाटेवर गाडी पंधरा मिनिटं तरी नुसती उभी असते. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन एसी लावून जागेवर चालू ठेवलं की तासाला लिटरभराच्या आसपास पितं. म्हणजे उभ्याउभ्या २५० मिलिलिटर गेलं. शिवाय एक टन वजनाची गाडी ४० च्या वेगावरून थांबवून पुन्हा ४० वर न्यायची, तर दर वेळी नऊ-दहा मिलिलिटर लागतं. असं वीस वेळा झालं तरी १९० धरा. बेरीज १२२० मिलिलिटर. १४ ला १.२२ ने भागा. साडेअकराच येतं.

तेव्हा साताऱ्याच्या १८ शी तुमच्या साडेअकराची तुलना करण्यात काही अर्थ नाही. खंबाटकीचा घाट धरूनही तो रस्ता टॉप गिअरमध्ये सलग पळण्याचा आहे. तुलनाच करायची असेल तर मिस्टरांनी एक अख्खी टाकी तुमच्या रस्त्यावर, तुमच्या वेळेला चालवावी. मग आकडे शेजारी शेजारी लिहा.

कागदावरच्या २१ चंही तसंच. ती चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद ठेवतात आणि ठरावीक क्रमाने वेग हळूहळू वाढवत-उतरवत नेतात. हे काम करणारी एआरएआय ही संस्था तुमच्याच कोथरूडच्या टेकडीवर आहे. सकाळी त्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना ती तिथे काय करते ते ठाऊक नसतं. दोन वेगवेगळ्या गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो आकडा चांगला आहे. तुमच्या-माझ्या गाडीने तो नळस्टॉपला द्यावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

एक विचारायचं राहिलं. साडेअकरा हा आकडा आला कुठून? डॅशबोर्डवरचा असेल तर खरा आकडा बहुधा त्याहून जरा कमीच आहे, कारण बऱ्याच गाड्यांचा डिस्प्ले थोडं कौतुक करून सांगतो. टाकी ते टाकी मोजा. पंपावर नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच भरा, आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्यांची सरासरी धरा. पंपवाल्याने ‘मॅडम, अजून पन्नासचं टाकतो’ म्हणत गळ्यापर्यंत भरलं तर मोजमाप बिघडतंच, शिवाय टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होऊ शकतो. नोझल थांबलं की आपणही थांबायचं. माप कमी मिळतंय अशी शंका असेल तर पंपावर तपासून शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागून समोर भरून दाखवायला सांगता येतं, तो ग्राहकाचा हक्क आहे.

आता तुमच्या वाट्याचा जो दोष आहे, त्याकडे येतो. वरच्या हिशेबातले वीस थांबे पाहा. गाडी थांबवण्याची किंमत वेगाच्या वर्गाने वाढते. ३० वरून थांबलात तर पाचेक मिलिलिटर वाया, ५० वरून थांबलात तर चौदा-पंधरा. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना मधल्या दोनशे मीटरमध्ये गाडी ५० वर नेऊन मग ब्रेक मारणं म्हणजे दीड रुपया ब्रेकच्या पॅडवर जाळणं. आपल्याकडे हे सगळेच करतात. मागचा हॉर्न वाजवतो म्हणून करतात, मोकळा रस्ता दिसला म्हणून करतात, काही जण नुसते सवयीने करतात.

यावरचा उपाय पायात नाही, नजरेत आहे. बहुतेक जण समोरच्या गाडीचे लाल दिवे बघून चालवतात. तुम्ही त्या गाडीच्या काचेतून, बाजूने, जमेल तसं तिच्या पुढच्या तीन गाड्या बघा. सिग्नलचा टायमर लांबून दिसत असेल तर तो वाचा. लाल दिव्याला १५ सेकंद उरलेत आणि तुम्ही दीडशे मीटरवर आहात, तर आताच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. रांग हलायला लागेल तेव्हा तुम्ही २० च्या वेगाने तिच्या मागे पोचाल आणि पूर्ण थांबावंच लागणार नाही. पीएमपीची बस पुढे असेल तर ती थांब्यावर थांबणारच आहे, हे आधीच धरून चला. रिक्षा डावीकडे रेंगाळतेय म्हणजे तिला सवारी दिसली आहे. तुमच्या रस्त्यावरचे असे तीन-चार ठिकाणचे हमखास ब्रेक तुम्हाला आताच आठवतील. तेवढेच आधी टाळायला लागा.

यावर तुम्ही म्हणाल, पुढे अंतर ठेवलं की दोन स्कूटर त्यात घुसतात. घुसू द्या. त्या तुमच्या पुढे थांबत नाहीत, आणखी पुढच्या फटीत जातात. त्यांना अडवायला म्हणून पुढच्या गाडीला चिकटून चालवलंत की दर दहा सेकंदांनी ब्रेक, पहिला गिअर, अर्धा क्लच. अर्ध्या क्लचवर गाडी रेटत राहिल्याने पेट्रोल तर जातंच, आणि क्लच प्लेट लवकर गेली की तिचं बिल वर्षभराच्या वाचलेल्या पेट्रोलवर पाणी फिरवतं.

आता सासऱ्यांचं न्यूट्रल. त्यांचं ऐकू नका, पण त्यांना चूकही ठरवू नका. त्यांनी पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० चालवली असेल तर कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून मिसळणाऱ्या भागाच्या) त्या गाडीत न्यूट्रल करून दोन थेंब वाचायचे हे खरंच होतं, कारण गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरत राहिलं की ते कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राहायचं. तुमच्या गाडीत पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर आहेत आणि ते कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतात. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनचे फेरे पुरेसे असले, साधारण मिनिटाला बारा-पंधराशेच्या वर, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिनला फिरवत असतात आणि पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रल केलंत की चाकांचा आधार सुटतो आणि इंजिनला स्वतःच्या बळावर जिवंत राहायला पुन्हा पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये थोडं जळतं, गिअरमध्ये काहीच नाही. चांदणी चौकाकडून कोथरूडला उतरताना चौथ्या गिअरमध्ये नुसता पाय काढून बघा; डॅशबोर्डवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दिसत असेल तर काटा किंवा आकडा एकदम टोकाला जाईल. तोच खेळ सासऱ्यांना शेजारी बसवून दाखवा, वादापेक्षा बरं. घाटात तर न्यूट्रल नकोच. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी व्हायला वेळ लागत नाही.

सिग्नलला येतानाही हेच. आधी पाय काढा, गाडी गिअरमध्येच वेग उतरवू द्या आणि क्लच अगदी शेवटी, गाडी थरथरायला लागायच्या आत दाबा. लांबूनच क्लच दाबून घरंगळत यायची सवय अनेक ड्रायव्हिंग स्कूलमध्येच लागते.

गिअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सपाट रस्त्यावर ३० च्या आसपास तिसरा, ४०-४५ ला चौथा, ५० च्या पुढे पाचवा, इतकं जमलं तरी पुष्कळ. इंजिन गुरगुरायला लागलं, गाडी हादरे द्यायला लागली तर एक गिअर खाली या. पेट्रोल वाचवायला म्हणून अगदी मुंगीच्या पावलाने वेग घेण्याचीही गरज नाही. मध्यम जोरात उचला, लवकर वरचा गिअर टाका आणि मग स्थिर राहा.

सिग्नलवर इंजिन बंद करावं का? टायमरवर अर्ध्या मिनिटाहून जास्त दिसत असेल तर करावं. पुन्हा चालू करायला लागणारं पेट्रोल हे इंजिन दहाएक सेकंद उभं ठेवण्याइतकंच असतं, त्यामुळे ‘स्टार्टरलाच जास्त लागतं’ हा समज सोडा. मात्र रांग दोन-दोन मीटर सरकत असेल तिथे करू नका, आणि बॅटरी चार वर्षांची होऊन सकाळी कण्हत असेल तर आधी ती बदला. गाडी चालती असताना किंवा उतारावर इंजिन कधीच बंद करायचं नाही. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोरही दोन-तीनदा दाबल्यावर संपतो.

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे ती संध्याकाळच्या फेऱ्यांची. मुलांचा क्लास, मग भाजी, मग परत क्लास. दीड-दोन किलोमीटरच्या या फेऱ्या अ‍ॅव्हरेज सगळ्यात जास्त खातात, आणि तो तोटा ऑफिसच्या रस्त्याच्या नावावर खपतो. थंड इंजिनला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, तेल घट्ट असतं, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत आपण पोचून किल्ली काढतो. ऑफिसहून येताना इंजिन गरम आहे तेव्हाच भाजी घ्या. क्लासला पायी किंवा स्कूटरवर. याने किती फरक पडला ते पुढच्या टाकीच्या मोजमापात दिसेल.

एसी लावा. पुण्याच्या मे महिन्यात काचा उघड्या टाकून बंडगार्डनचा धूर गिळत दोन-चार रुपये वाचवा, असं मी सांगणार नाही. उन्हात उभी गाडी काढताना पहिला अर्धा किलोमीटर काचा खाली ठेवून आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा. गारवा आला की थंडी कमी करा. एवढं पुरे. डिकीतलं जुनं सामान काढा, पण त्याने अ‍ॅव्हरेजमध्ये डोळ्यांना दिसेल असा फरक पडणार नाही.

टायरमधल्या हवेचा मात्र पडतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर तुमच्या टायरच्या हवेचा आकडा लिहिलेला आहे. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा लावतो. त्याला तुमचा सांगा. टायर गार असताना, म्हणजे घराजवळच्याच पंपावर, निघाल्या निघाल्या भरा. महिन्याला एक-दोन पॉइंट हवा आपसूक कमी होते, म्हणून दर पंधरा दिवसांनी बघा. पंपावर हवा फुकट असते. नायट्रोजनला पैसे घालवायचे तर घाला, पण पेट्रोल त्याने वाचत नाही.

गॅरेजवाल्याला डीकार्बनायझिंगऐवजी, म्हणजे इंजिनात साचलेली काजळी काढण्याऐवजी, दुसरी कामं सांगा. तुमच्यासारख्या साध्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हवरच (हवा आत घेणाऱ्या झडपांवरच) पडतो, त्यामुळे ते बऱ्यापैकी धुऊन निघतात. गाडी अडखळत नसेल, इंजिनचा पिवळा दिवा लागत नसेल तर त्या कामाची घाई नाही. त्याला विचारा की स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच टाकलंय का, की ड्रममधलं होतं ते? जाड तेल घातलं की इंजिन ते ढवळण्यातच ताकद घालवतं. मग ब्रेक. पंधरा मिनिटं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात धरा, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, किंवा हँडब्रेकची केबल फार ओढलेली आहे. अशी गाडी कुणीही चालवली तरी अ‍ॅव्हरेज देणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या गॅरेजांत सर्रास होते : गाडी गरम होते म्हणून तक्रार केली की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारी झडप, काढूनच टाकतात. मग इंजिन नीट तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं ते अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल ओततच राहतो. तुमच्या गाडीत तापमानाचा काटा असेल आणि तो दहा-पंधरा मिनिटांनंतरही खालीच रेंगाळत असेल, किंवा निळा दिवा बराच वेळ जात नसेल, तर हे आधी तपासा. एअर फिल्टर वेळेवर बदला, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो, गाडीचा जोर तेवढा घटतो.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या गाडीसाठी नाही. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली ठिणगीशिवाय आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची ताकद. जास्त दाबावर चालणाऱ्या, टर्बोच्या, महागड्या इंजिनांना ती लागते. त्यात जास्त ऊर्जा नसते. जवळपास दीडपट भाव देऊन तुमच्या इंजिनला काही मिळणार नाही. सिगारेट लायटरच्या जागी खोचायच्या डब्या, पाइपवर लावायची चुंबकं वगैरे कुणी सुचवली तर चहा पाजून परत पाठवा.

इथेनॉलबद्दल मात्र ग्रुपवरची मंडळी सगळंच खोटं बोलत नाहीत. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं की मिश्रणाची ऊर्जा निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी साधारण एवढीच घट धरली होती. पण आधी आपण निव्वळ पेट्रोल भरत नव्हतो, दहा टक्क्यांचं मिश्रण भरत होतो. तेव्हा दहावरून वीसवर जाण्याचा तोटा तीन-चार टक्के. साडेअकरावर तो अर्धा किलोमीटरही भरत नाही. १८ वरून साडेअकरावर गाडी इथेनॉलने आणलेली नाही. तुमची गाडी २०१८ ची, म्हणजे एप्रिल २०२३ नंतर आलेल्या २० टक्क्यांसाठी बनवलेल्या गाड्यांमधली नाही; पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील एकदा बघायला सांगा, तेवढी काळजी पुरे.

एवढं सगळं केलंत तर साडेअकराचे तेरा होतील असं मला वाटतं. अठरा होणार नाहीत. महिन्याला सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर धरले तर सहाएक लिटर वाचेल, म्हणजे आजच्या भावाने सहाशेच्या वर रुपये. जे कुणी याच रस्त्यावर पंधरा-सोळा मिळतात असं सांगतात, त्यांना टाकी ते टाकी मोजलंय का ते विचारा.

याहून जास्त वाचवायचं असेल तर उपाय गाडीच्या बाहेर आहे, आणि तो तुमच्या बाबतीत नशिबाने अगदी वाटेवर आहे. वनाझ ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण धावते, आणि कल्याणीनगरला स्टेशन आहे. तुमचा एका वेळचा प्रवास आज सव्वाशे रुपयांच्या पेट्रोलचा आहे; मेट्रोचं तिकीट त्याच्या जवळपासही जात नाही. रोज नको. संध्याकाळी कुठे जायचं नसेल असे आठवड्यातले दोन दिवस ठरवा, सोमवार त्यातला एक धरा, कारण सोमवारी सकाळी संचेतीपाशी काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. स्टेशन घरापासून लांब पडत असेल तर तिथवर रिक्षा करा, तरी हिशेब जमतो.